११ वर्षे रक्तदाती, एक रात्र रुग्णाची बहीण: आमच्या रक्तकेंद्राविषयी

तळकोकणातल्या ज्या रक्तकेंद्राविषयी मी लिहीत आहे, ते एका सार्वजनिक न्यासाने चालवलेले असून आमच्या खाडीकाठच्या गावापासून एस.टी.ने सव्वा तासाच्या अंतरावर आहे. नियमांत आता ‘रक्तकेंद्र’ हा शब्द आला असला तरी आमच्याकडे लहानथोर सगळे त्याला ‘ब्लड बँक’ असेच म्हणतात. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण चांगल्या गोष्टींबरोबर काही उणिवाही स्पष्टपणे मांडायच्या आहेत आणि त्यांपैकी एक आमच्या घराने फार कठीण वेळी सोसलेली आहे. गेली ११ वर्षे मी तेथे रक्तदान करीत आले आहे. आजवर १९ वेळा केले. जुलैतल्या एका रात्री मात्र मी त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला, रक्त मागायला आलेल्यांच्या खिडकीपाशी उभी होते, आणि रक्तकेंद्र कसे जोखावे याविषयीचे माझे मत त्या रात्री पक्के झाले. शिबिराचा मंडप पाहून ते कळत नाही. अपरात्री खिडकीशी आलेल्या भेदरलेल्या माणसाशी ते कसे वागते, त्यावरून कळते.

आधी दात्याच्या बाजूने सांगते. आत गेल्यावर अर्ज भरून घेतात, वजन आणि रक्तदाब पाहतात, मग बोटाच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. थेंब सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन पुरेसे, म्हणजे निदान १२.५ ग्रॅम आहे असे धरतात. तो मध्येच रेंगाळला किंवा वर तरंगला तर त्या दिवशी रक्त घेत नाहीत. माझा थेंब दोन वेळा रेंगाळला. पहिल्या वेळी, सोबत आलेल्या सहकारी शिक्षिका एकामागून एक आत जात असताना मी एकटीच बाकावर बसून राहिले, तेव्हा मला फार ओशाळल्यासारखे झाले होते. ते तेथल्या डॉक्टरबाईंच्या लक्षात आले. त्यांनी मला पडद्याआड नेऊन शांतपणे पाळीविषयी, जेवणाविषयी आणि जेवणावर लगेच चहा घेण्याच्या सवयीविषयी विचारले, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला या असे सांगितले. आमच्या भागात स्वतःच्या अंगातले रक्त कमी आहे हे कित्येक बायकांना प्रथम रक्तदानाच्या बाकावरच कळते. रक्त न घेता परत पाठवलेल्या बाईला तिच्या प्रकृतीविषयी दहा मिनिटे देणारे केंद्र मला पिशव्यांचे आकडे मिरवणाऱ्या केंद्रापेक्षा मोलाचे वाटते.

रक्त घेण्याचे काम स्वच्छ आणि सराईत हातांनी होते. ४५ किलोंच्या वरच्या दात्याकडून ३५० मिलिलिटर आणि ५५ किलोंच्या वरच्या दात्याकडून ४५० मिलिलिटर घेता येते, हा हिशेब ते काटेकोरपणे पाळतात. सुई काढल्यावर थोडा वेळ पडून राहायला लावतात आणि नंतर कोकम सरबत व ग्लुकोज बिस्किटे देतात. पुढची तारीख कार्डावर लिहून देताना पुरुषांसाठी ९० दिवस आणि स्त्रियांसाठी १२० दिवस हे अंतर एका दिवसानेही कमी करीत नाहीत. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या तपासण्यांत काही आढळल्यास दात्याला फोनवर काहीही न सांगता प्रत्यक्ष बोलावून घेतात, ही पद्धतही योग्य आहे. गावात एका फोनवरून घर उठते हे त्यांना ठाऊक आहे.

या केंद्राची मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र त्यांचे शिबिरांचे नियोजन. अखंड रक्ताची पिशवी ३५ दिवस टिकते. पुढाऱ्याच्या वाढदिवशी एकाच दिवशी ३०० पिशव्या जमवल्या आणि पुढचे दोन महिने कोणी फिरकले नाही, तर त्यांतल्या किती रुग्णाच्या अंगात गेल्या आणि किती मुदत संपून नष्ट कराव्या लागल्या, हा प्रश्न कोणी विचारत नाही. हे केंद्र आयोजकांना आधीच सांगते की अमुक पिशव्यांपलीकडे आम्ही घेणार नाही, उरलेल्या दात्यांची नावे आणि गट लिहून द्या, आम्ही पुढे बोलावू. त्यामुळे एका मोठ्या मंडळाशी त्यांचे एकदा बिनसलेही होते. पण मे महिन्यात, जेव्हा कॉलेजे बंद असतात, शिबिरे होत नाहीत, चाकरमानी गावी आलेले असतात आणि महामार्गावर रोज कुठे ना कुठे गाडी आपटते, तेव्हा याच वहीतले दाते कामाला येतात. गणपतीच्या आधी तर ते स्वतःहून फोन करतात. गेल्या वर्षी मला ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बोलावले होते. घरी गौरी यायच्या होत्या, तरी मी सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊन आले.

आता त्या रात्रीविषयी. माझी धाकटी बहीण तालुक्याच्या गावी एका खासगी प्रसूतिगृहात होती. मुलगी झाली, सगळे ठीक आहे असा निरोप रात्री ११ वाजता आला आणि तासाभरातच रक्तस्राव थांबत नाही म्हणून दुसरा फोन आला. चार पिशव्या रक्त लागेल, गट बी पॉझिटिव्ह, आणि रक्त मिळाले नाही तर बांबुळीला हलवावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. सिंधुदुर्गातल्या माणसाला बांबुळी या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. गोव्याचे ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आमचा शेवटचा आधार आहे. पण अशा अवस्थेतल्या बाळंतिणीला भर पावसात, रात्री, तेवढ्या रस्त्याने नेणे म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना समजत होते. त्या प्रसूतिगृहातल्या एका कर्मचाऱ्याने वर आणखी असे सांगितले की आधी चार बदली दाते उभे करा, त्याशिवाय ब्लड बँक पिशवी देणार नाही. बहिणीचे यजमान त्या दोन वाक्यांनी इतके खचले की मोटारसायकल सुरू करताना त्यांचे हात कापत होते. म्हणून मी माझ्या भावाला गाडी काढायला लावली आणि आम्ही दोघे निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. खिडकीत दिवा होता आणि आत एकच तंत्रज्ञ होते, पन्नाशीच्या पुढचे, गळ्यात मफलर. मी बदली दात्यांविषयी बोलू लागले तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून चिठ्ठी आणि रक्ताचा नमुना मागितला. नमुन्याच्या नळीवर बहिणीचे नाव होते, वेळ नव्हती. त्यांनी प्रसूतिगृहात स्वतः फोन लावून नाव, वय, खाट आणि नमुना घेतल्याची वेळ ताडून पाहिली, ती नळीवर लिहिली आणि मगच कामाला लागले. मला तो विलंब असह्य होत होता. मी दोनदा खिडकीवर टकटक केली. तेव्हा ते बाहेर आले आणि म्हणाले, “बाई, वायच बसा. जुळवणी केल्याबगर मी पिशवी दिलंय, तर तीच तिका मारतली.” रुग्णाचा रक्तद्रव आणि दात्याच्या तांबड्या पेशी एकत्र ठेवून गुठळ्या होत नाहीत ना, हे पाहण्याच्या त्या कामाला पाऊण तास लागतो. चुकीच्या नळीमुळे, चुकीच्या नावामुळे दुसऱ्या गटाचे रक्त अंगात गेले तर माणूस दगावू शकतो. हे सगळे मी माझ्या विद्यार्थ्यांना पुस्तकातून शिकवलेले होते. त्या बाकावर, छपरातून गळणारे पाणी चुकवत बसले असताना, ते मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळले.

फ्रिजमध्ये बी पॉझिटिव्हच्या तीनच पिशव्या होत्या. पैकी दोन त्यांनी तत्काळ दिल्या, थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या विटा ठेवून, आणि सांगितले की तिसरी जुळवून ठेवतो, लागली तर न्या. उगाच नेऊन ठेवू नका, कारण बाहेर गेलेली पिशवी अर्ध्या तासात परत आली नाही तर ती दुसऱ्या कोणाला देता येत नाही. ही गोष्ट सर्व नातेवाइकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. भीतीपोटी जादा पिशव्या जवळ धरून ठेवल्याने कोणाचेच भले होत नाही. चौथ्या पिशवीसाठी त्यांनी वही काढली आणि फोन लावायला सुरुवात केली. दोन फोन वाजत राहिले, तिसरा उचलला गेला.

भाऊ पेटी घेऊन गेला आणि मी तेथेच थांबले. पहाटे चारच्या सुमारास एक तरुण भिजत आला. मासेमारी बंदीचे दिवस होते, १ जून ते ३१ जुलै, म्हणून होडी ओढलेली आणि माणूस घरी होता. एरवी तो त्या वेळी समुद्रात असता. त्याने दाराशी रेनकोट काढून खिळ्याला अडकवला, पाय पुसले आणि आत गेला. अर्ध्या तासाने बाहेर आला, तेव्हा मी उठून उभी राहिले, पण काय बोलावे ते मला सुचेना. त्याने मला पेशंट कोण असे विचारले नाही आणि तंत्रज्ञांनीही आमची ओळख करून दिली नाही. त्याने फक्त दिवस उजाडायला किती वेळ आहे ते पाहिले आणि रेनकोट चढवून निघून गेला. रेनकोटाखाली फरशीवर पाण्याचे थारोळे साचले होते. ते मात्र बराच वेळ तसेच होते. त्याच्या रक्ताच्या तपासण्या होऊन पिशवी सकाळी सात वाजता हाती आली. बहिणीला बांबुळीला न्यावे लागले नाही. तिची मुलगी आता चार वर्षांची आहे, आणि बहिणीला त्या चार दात्यांपैकी एकाचेही नाव माहीत नाही. तसेच असावे, असे आता मला वाटते. नाव कळले असते तर आम्ही ऋण फेडण्याच्या खटपटीला लागलो असतो.

पैशांविषयी स्पष्ट लिहिते. रक्ताची किंमत नसते. पिशवी, तपासण्या आणि साठवण यांसाठी प्रक्रिया शुल्क घेतले जाते आणि राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ मध्ये ठरवून दिल्याप्रमाणे ते अखंड रक्तासाठी शासकीय केंद्रात १,१०० आणि इतरत्र १,५५० रुपये आहे. आम्हाला प्रत्येक पिशवीची पावती मिळाली आणि त्यावर याहून एक रुपया अधिक नव्हता. त्या रात्री आमच्याजवळ पूर्ण रक्कम नव्हती, तरी उरलेले उद्या द्या म्हणाले. बदली दात्यांची सक्ती करू नये हेच शासकीय धोरण आहे आणि या केंद्रात ती केली जात नाही. सक्तीची भाषा ऐकलेली माणसे भीतीने पैसे देऊन दाते शोधू लागतात. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद झाली आहे, आणि ती मागच्या दाराने परत येऊ नये अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

तंत्रज्ञांच्या कामाविषयीचा आणखी एक प्रसंग मला त्यांच्याकडूनच समजला. एका शिबिरातल्या तरुणाच्या कार्डावर पूर्वीपासून ओ गट लिहिलेला होता. पण उलट तपासणीत, म्हणजे रक्तद्रव माहीत असलेल्या गटांच्या पेशींशी ताडून पाहताना, त्याचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशीही जुळेना, तेव्हा त्यांनी नमुना मुंबईला पाठवला आणि तो बॉम्बे रक्तगटाचा निघाला. हा गट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. अशा माणसाच्या पेशींवर एच नावाचे प्रतिजन, म्हणजे ओ गटाच्या पेशींवरही असणारी खूण, नसतेच, त्यामुळे साध्या चाचणीत तो ओ गटाचा दिसतो आणि प्रत्यक्षात त्याला ओ गटाचे रक्तही चालत नाही. फक्त बॉम्बे गटाचेच चालते. आपल्या देशात तो साधारण १०,००० माणसांत एकाचा असतो. उलट तपासणीचा कंटाळा केला असता तर तो तरुण एखाद्या दिवशी ओ गटाच्या पिशवीने दगावला असता. आता तो स्वतःही अशा दुर्मीळ रुग्णांसाठी दाता म्हणून नोंदलेला आहे.

उणिवांपैकी मोठी म्हणजे येथे रक्तघटक वेगळे करण्याची सोय नाही. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोचे रुग्ण वाढतात, त्यांतल्या काहींना प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, लागतात, आणि त्या ५ दिवसच टिकत असल्याने दुरून आणून साठवून ठेवता येत नाहीत. मग नातेवाइकांना घाट चढून कोल्हापूरला किंवा खाली गोव्याला जावे लागते. यंत्र महाग आहे, परवाना वेगळा लागतो, हे सगळे मान्य. पण एका पिशवीतून दोन-तीन रुग्णांची गरज भागू शकत असताना आमच्या दात्यांचे रक्त अखंड पिशवीतच एकाला द्यावे लागते, याचे वाईट वाटते. नातेवाइकांच्या बाकावरचे छप्पर गळते आणि रात्री स्वच्छतागृहाला कुलूप असते. बाळंतिणीच्या आईला, रात्रभर थांबलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते किती जड जात असेल, याचा विचार व्हायला हवा.

आणि आता ती उणीव, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले. केंद्रात अवयवदान व नेत्रदान यांची माहिती देणारे एक टेबल आहे. तेथल्या समुपदेशक ताई फार नीट समजावून सांगतात. मूत्रपिंड, यकृत, हृदय हे मृत्यूनंतर द्यायचे तर रुग्ण अतिदक्षता विभागात असावा लागतो आणि १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून त्याचा मेंदू मृत असल्याचे सांगावे लागते. घरी मृत्यू आलेल्या माणसाचे डोळे मात्र सहा तासांच्या आत घेता येतात, चष्मा असला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी. कार्डावर सही केली म्हणून काम संपले असे समजू नका, घरच्यांशी बोला, कारण शेवटी होकार त्यांनीच द्यायचा असतो, हेही त्यांनी सांगितले. आमच्या शेजारच्या घरात आईने मुलाला मूत्रपिंड दिले आहे. देण्याच्या आधी सहा महिने ते दोघे एकमेकांशी नीट बोलू शकत नव्हते, हे मी पाहिले आहे. त्यामुळे ताईंचे ते वाक्य मला पटले. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, वयाच्या ७९ व्या वर्षी तेथेच नेत्रदानाचा अर्ज भरला आणि कार्ड देव्हाऱ्याच्या कप्प्यात ठेवले.

दोन वर्षांनी श्रावणात, रात्री ९ वाजून २० मिनिटांनी, ते घरीच गेले. भावाने पंखा बंद केला, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवला आणि डोक्याखाली उशी दिली. ताईंनी सांगितलेले सगळे त्याला आठवत होते. मी कार्डावरचा क्रमांक लावला. तो बंद होता. दुसरा क्रमांक अस्तित्वातच नव्हता. वडिलांचे शव शेजारच्या खोलीत असताना, अंगणात माणसे जमत असताना, मी पाऊण तास वेगवेगळ्या ठिकाणी फोन करीत राहिले. शेवटी रक्तकेंद्राची रात्रीची खिडकी आठवली. फोन त्याच तंत्रज्ञांनी उचलला आणि दहा मिनिटांत नेत्रपेढीच्या डॉक्टरांशी माझे बोलणे करून दिले. वाटेत आंब्याची मोठी फांदी पडलेली असल्याने गाडी वळसा घालून आली. पथक दारात आले तेव्हा २ वाजून ४० मिनिटे झाली होती, म्हणजे सहा तास पुरे व्हायला ४० मिनिटे उरली होती.

आई तोवर गप्प होती. पथकातली मुलगी हातमोजे घालू लागली तेव्हा आईने मला जवळ बोलावून विचारले, “तेंका फुडल्या जन्मात दिसतला मां?” मला उत्तर देता आले नाही. त्या मुलीने ते ऐकले होते. वीस मिनिटांत काम झाल्यावर तिने आईला आत नेले, तिचा हात धरून आबांच्या मिटलेल्या पापण्यांवर ठेवला आणि म्हणाली, “बघा काकी, आहेत तसेच आहेत. दिसायला आता दुसऱ्या कोणाला लागेल.” आईने दोन्ही पापण्यांवरून बोटे फिरवली आणि म्हणाली, “मगे होवंदे.” महिन्याभराने पत्र आले की एक पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, एका रुग्णाला बसवण्यात आले, दुसरे प्रत्यारोपणायोग्य नव्हते आणि ते प्रशिक्षणासाठी वापरण्यात आले. दुसरे का वापरता आले नाही याचे कारण पत्रात नव्हते. तो वाया गेलेला पाऊण तास माझ्या मनातून जात नाही. आई ते पत्र पंचांगात घालून ठेवते आणि दर पाडव्याला जुन्या पंचांगातून काढून नव्यात ठेवते.

आबांच्या बाराव्यानंतर मी केंद्रात जाऊन लेखी तक्रार दिली. व्यवस्थापकांनी ती वाचली, सबब सांगितली नाही आणि शिल्लक कार्डांचा गठ्ठा माझ्यासमोर मागवला. त्या सर्वांवर तोच मृत क्रमांक होता. पुढच्या रक्तदानाच्या वेळी गेले तेव्हा प्रत्येक कार्डावर नवा क्रमांक छापलेली पट्टी चिकटवलेली होती, आणि आधी वाटलेल्या कार्डांच्या नोंदी पाहून ताई एकेका घरी फोन करीत होत्या. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहूनच पट्टीवरचा क्रमांक लावून पाहिला. दुसऱ्या घंटेला तो उचलला गेला. बाकावरचे छप्पर अजून गळते आहे.